विहिरीपर्यंत जाणारी गाडी

अनुजाचं लग्न झालं आणि त्या लग्नात आक्का जेवली नाही, त्या सालची ही गोष्ट. साल म्हणाल तर दोन हजार बावीस. पण अनुजाच्या वडिलांच्या, म्हणजे बाबासो सरांच्या घरात कुणी तसं म्हणत नाही. घरात म्हणतात, 'आक्का जेवली न्हाई ते साल.'

तसं आक्का न जेवण्यात नवीन काही नव्हतं. पद्मावती आक्का ही बाबासो सरांची थोरली बहीण, वय ऐंशीला टेकलेलं. सीमेकडच्या गावात लग्न होऊन गेली, वर्षभरात विधवा होऊन परत आली आणि आईवेगळ्या तीन वर्षांच्या बाबासोला तिनं वाढवलं. सासरहून तिनं एवढंच आणलं : एक तळाला कडी असलेली कळशी आणि एक कानडी शब्द. धाकट्या भावाला ती 'तम्मा' म्हणायची. तम्मा पुढं चित्रकलेचे शिक्षक झाले, निवृत्त झाले, डोक्याला चकाकी आली, तरी तम्माच राहिले.

आक्काचा नेम कडक. पाणी विहिरीचं, तेही स्वतः शेंदलेलं. ते दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात ते ज्या विहिरीतून आले त्याच विहिरीत परत सोडायचे. वरून ओतायचे नाहीत, बिचारे आपटतील. त्यासाठी ती कडीची कळशी. दोरीनं खाली सोडली की पाण्याजवळ जाऊन अलगद उलटी होते. असल्या पाण्यात शिजलेलं, आणि दिवस मावळायच्या आत. या दोन गोष्टींत न बसणारं अन्न आक्काच्या पोटात जात नसे. कोल्हापुरात फुलेवाडीच्या बाजूला सरांनी जागा घेतली ती त्यात जुनी विहीर होती म्हणून. सगळ्या कॉलनीला नळ, सरांच्या घराला नळ आणि विहीर.

लग्नाच्या हॉलमध्ये बोअरचं पाणी. त्यामुळं आक्का घरून आणलेला तांब्या मांडीवर घेऊन खुर्चीत बसून होती. तेवढ्यात वाडीकडचा एक लांबचा पाहुणा पंगतीत वाढता वाढता थांबला आणि म्हणाला, "आक्का, शिखरजी झालं काय?"

शिखरजी म्हणजे झारखंडातला तो डोंगर. जैनांचं सगळ्यांत मोठं तीर्थ. आक्कानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी बाबासो सर बोलले. डोक्याला फेटा बांधलेला माणूस कुणाला बोलू देत नाही.

"पाण्याची अडचण हो! रेल्वेत विहीर कुठली?"

"मग ऱ्हायलंच म्हणायचं," पाहुणा म्हणाला आणि भाताचं भांडं घेऊन पुढं सरकला.

खरं तर विषय तिथंच संपला होता. पण 'ऱ्हायलंच' हा शब्द सरांना फेट्याच्या आत जाऊन टोचला. पाच-सहाशे माणसांची पंगत, मुलीचे सासरे समोर, आणि आपल्या आक्काचं काहीतरी राहिलं असं एक भातवाढ्या म्हणतो?

"कोण म्हणतंय ऱ्हायलं?" सर मोठ्यानं म्हणाले. "मी नेतो. गाडी बांधतो खास. रानात, चिखलात, विहीर आसंल तिथपर्यंत जाणारी गाडी! येत्या दिवाळीला आक्का शिखरजीला!"

पंगतीनं टाळ्या वाजवल्या. आक्कानं तांब्या खाली ठेवला, भावाकडं नीट बघितलं आणि हात जोडून म्हणाली, "मग शिखरजीचं दर्शन हुईस्तोवर मला गूळ-साखर वर्ज्य."

अशा रीतीनं तो कारखाना सुरू झाला.

सरांनी पहिल्यांदा नकाशा काढला. चार दिवस काढत होते. रंगीत, छाया-प्रकाशासह. गाडी अशी की आत चूल, झोपायला फळ्या, वर छप्पर, खाली उंच चाकं. तो कागद घेऊन ते उद्यमनगरात कृष्णात मिस्त्रीकडं गेले. कृष्णातनं तो उजेडाकडं धरून बराच वेळ बघितला.

"सर, नारळाची झाडं लई भारी काढलाईसा."

"ती मागची सजावट. गाडी बघा की."

"गाडी बी भारी हाय. लांबी किती?"

लांबी लिहायची राहिली होती. कृष्णातनं कागद आदरानं घडी करून पंख्याच्या पायाखाली घातला, कारण पंखा डुगडुगत होता, आणि खडूनं जमिनीवर एक चौकोन ओढला. "एवढी करूया की. हुतंय."

उद्यमनगरात 'हुतंय' म्हटलं की काम झाल्यात जमा धरायचं असतं. कधी होतंय हे विचारायचं नसतं.

आजऱ्याच्या एका काजूवाल्याकडं चारही चाकं ओढणारी जुनी जीप विकायला होती. ती आणली. इंजिन चांगलं, पण गाडीला काजूच्या टरफलांचा असा वास बसलेला की शेजारी अमरसिंहांची मांजर तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून जी गेली ती आठवडाभर दिसली नाही. वास घालवायला प्रत्येकानं उपाय सुचवला. एकानं कापूर, एकानं शेणाचा धूर. सरांच्या पत्नी त्रिशलाताईंनी लिंबं चोळली. शेवटी गाडीला काजू, कापूर, शेण आणि लिंबू असे चारही वास मिळून येऊ लागले.

सल्ल्यांचा मुख्य कारखाना मात्र समोरच्या घरात होता. विजयसिंह हे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. रोज सकाळी ते बनियनवर येऊन सरांच्या दारातल्या जीपसमोर खुर्ची टाकून बसत.

"बाबासो, तीस वर्षं एसटी चालीवली मी. एकदा बी रूट सोडला न्हाई. तू गाडी रानात घालणार म्हणतोस, रानाचा रूट मंजूर कोण करणार?"

"अरे, आपली खासगी गाडी."

"खासगी आसली म्हणून काय झालं? रूट म्हंजे रूट."

दसऱ्याला कृष्णातच्या शेडमध्ये सांगाडा जीपवर चढला. सरांना वाटलं, आता महिन्याभरात निघू. तेवढ्यात उसाचा हंगाम सुरू झाला. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांना सांगायला पाहिजे, हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातल्या सगळ्या ट्रॉल्या एकाच दिवशी मोडतात आणि एकाच दिवशी सगळ्या मिस्त्रींकडं येतात. कृष्णातच्या शेडसमोर ट्रॉल्यांची रांग लागली आणि सरांची गाडी मागं भिंतीला, कोंबड्या बसायला जागा झाली.

"कृष्णात, दिवाळी आली की."

"सर, ऊस उभा हाय. शेतकऱ्याला न्हाई म्हणू व्हय? आक्कास्नी म्हणावं, वाईच थांबा. शिखरजी कुठं जातंय?"

शिखरजी कुठं जात नव्हतं. पण त्या दिवाळीला आक्कानं तूप सोडलं.

"आक्का, तू कशाला तूप सोडतीस? चूक मिस्त्रीची," सर म्हणाले.

"चूक कुणाची न्हाई तम्मा. तू राबायलाईस. मी बसून तूप खाऊ व्हय? माझ्याकडनं एवढंच."

ती रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. ही शांतपणे कोरडी भाकरी मोडत बसायची, आणि समोर सर. ते आपल्या पुरणपोळीवरचं तूप बोटानं कडेला सारायचे. गुढीपाडव्यालाही गाडी निघाली नाही तेव्हा दही गेलं. डॉक्टरांनी वजन बघून भुवया उंचावल्या. "आजी, खाता काय?" आक्का म्हणाली, "अजून दूध हाय, तेल हाय, मीठ हाय. लई हाय."

हंगाम संपला आणि कृष्णातनं काम हातात घेतलं. आता अडचण अशी की या माणसानं आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या बांधल्या होत्या. हात दुसरीकडं वळतच नव्हता. गाडी तयार झाली तेव्हा तिला मागं साखळीनं सुटणारा लोखंडी फाळका होता, बाजूला दोर बांधायला आकडे होते आणि सांगाडा असा की हत्ती बसावा.

"बारा टन ऊस आरामात बसंल," कृष्णात अभिमानानं म्हणाला.

"अहो, आक्काचं वजन अडतीस किलो हाय!"

"मग तर काय, हलणारच न्हाई."

आक्काला आत चढवायचं कसं, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी डोक्यात आला. चिखलात अडकू नये म्हणून गाडी एवढी उंच केली होती की तिच्या तळाखालून सर थोडे वाकले की पलीकडं जात. शिडी लावली. आक्कानं शिडीकडं बघितलं आणि शिडीनं आक्काकडं. शेवटी कृष्णातनं फाळका जमिनीवर आडवा सोडला, आक्काला त्यावर तांब्यासकट उभं केलं आणि साखळीच्या चाकानं हळूहळू वर ओढलं. सगळी शेड काम सोडून बघत होती. आक्का सरळ उभी, पदर डोक्यावर, नजर समोर, एक-एक वीत वर चालली होती.

वर पोचल्यावर ती म्हणाली, "तम्मा, परत एकदा सोड रे खाली."

"का? काय टोचलं?"

"न्हाई. बरं वाटलं."

मग गाडी सरकारी तपासणीला गेली. तिथले साहेब तरुण, सभ्य आणि खरोखर मदत करायला उत्सुक होते. त्यामुळं सगळं आणखी अवघड झालं. उद्धट माणसावर चिडता येतं, पण जो खुर्ची देतो, पाणी देतो आणि मग न्याय्य प्रश्न विचारतो त्याचं काय करायचं?

साहेब गाडीभोवती फिरले. "सर, ही नक्की कशात धरायची? आत चूल आहे, म्हणजे उपाहारगृह. झोपायची फळी आहे, म्हणजे रुग्णवाहिका. मागं फाळका आहे, म्हणजे मालवाहू. आणि मागच्या बाजूला लिहिलंय काय हे?"

सर मागं गेले. कृष्णातच्या पेंटरनं सवयीनं, लाल अक्षरात, खाली झोकदार वेलबुट्टी काढून लिहिलं होतं : 'ऊस वाहतूक'.

"ऊस कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"ऊस न्हाई. आक्का हाय."

"आक्का म्हणजे?"

सरांनी आक्का सांगितली. विहीर सांगितली, फडकं सांगितलं, गूळ, तूप, दही सांगितलं. साहेब पेन टेबलावर ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "माझी आजी पण अशीच होती सर. पण गाडी नियमापेक्षा चार बोटं रुंद आहे. कापायला लागेल."

चार बोटं कापायला कृष्णातला पावसाळा लागला. कापल्यावर एका बाजूला झुकली, म्हणून दुसऱ्या बाजूनं कापली. मग ती अरुंद झाली. गॅसच्या शेगडीचा वेगळा दाखला, आग विझवायच्या नळीचा वेगळा. या सगळ्यात आधी तेल गेलं आणि मग दूध. आता आक्काच्या ताटात भाकरी, मीठ घातलेलं उकडलेलं वरण आणि वरून ती भावाला देत असलेलं हसू, एवढंच राहिलं होतं. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. त्रिशलाताईंनी एक दिवस सरांना स्वयंपाकघरात गाठलं.

"अहो, ऐका. गाडी बांधायची हौस तुमची, आणि उपाशी ऱ्हायलीया ती म्हातारी. आता एक बी तारीख सांगू नका तिला. निघायचं त्या दिवशीच सांगा."

सरांना त्या रात्री झोप लागली नाही एवढंच सांगतो. आक्काला काही झालं तर पंगतीत उभं राहून मारलेली ती बढाई जन्मभर कानात वाजणार होती.

शेवटी पुढच्या जानेवारीत 'निवासी वाहन' असा शिक्का बसला. साहेबांनी स्वतः बाहेर येऊन गाडीला नमस्कार केला. 'ऊस वाहतूक' खोडायला वेळ नव्हता.

जाण्याच्या आदल्या दिवशी विजयसिंहांना एक कल्पना सुचली. ते आता दुसरे ड्रायव्हर म्हणून बरोबर येणार होते. महिनाभर तांबडा-पांढरा रस्सा, म्हणजे मटण, सोडायला तयार झाले होते आणि हा त्याग ते रोज चारचौघांत सांगत होते.

"बाबासो, विहिरी हुडकत बसण्यापरीस घरच्याच विहिरीचं पाणी बरोबर घिऊया की. आम्ही एसटीत रेडिएटरचं पाणी कायम बरोबर न्यायचो. मोठी टाकी बसीव छपरावर."

सरांना ती कल्पना एवढी आवडली की ती आपल्यालाच का सुचली नाही याचं दुःख झालं. टाकी बसवली. मोटार लावून घरच्या विहिरीचं पाणी भरलं. आक्काला सांगितलं नाही. वाटेत नळ सोडून तिला थक्क करायचं ठरलं.

सकाळी सगळी कॉलनी जमली. हार, नारळ. विजयसिंहांच्या तालमीतला हलगीवाला आला आणि त्यानं अशी हलगी लावली की अमरसिंहांची मांजर पुन्हा गेली. आक्का फाळक्यावरून वर चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विजयसिंहांनी गिअर टाकला. एसटीच्या वेगानं, एसटीच्या थांब्यांवर थांबत (थांबा दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई) गाडी सांगोल्याच्या पुढं गेली. तिथं एका झाडाखाली स्वयंपाकाला उतरले.

"आक्का," सर हात मागं बांधून म्हणाले, "डोळे मीट."

नळ सोडला. आक्कानं डोळे उघडले, पाणी बघितलं, हसली. लगेच फडकं काढून पातेल्यावर बांधलं आणि पाणी गाळलं. मग ते फडकं हातात धरून तशीच उभी राहिली.

"हे कुठल्या विहिरीचं?"

"आपल्या घरच्या! खास तुझ्यासाठी!"

"मग," आक्का म्हणाली, "आता हेंच्यातले जीव कुठं सोडू?"

सरांनी नळ बंद केला.

"इथं एकादी विहीर..." विजयसिंह म्हणाले.

"त्या विहिरीतले न्हाईत ते," आक्का म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. फडकं पातेल्यात पाण्यात ठेवलं आणि पातेलं मांडीवर घेऊन बसली, अगदी लग्नात तांब्या घेऊन बसली होती तशी.

गाडी वळवली. येताना विजयसिंहांनी एकही थांबा घेतला नाही, त्यावरून काय ते समजा. दुपार कलली तेव्हा गाडी कॉलनीत शिरली. हलगीवाला अजून तिथंच होता, अमरसिंहांच्या पायरीवर मिसळ खात. गाडी बघून त्यानं पाव टाकला आणि मोठ्या उत्साहानं पुन्हा हलगी लावली. लोक दारात आले.

"एवढ्यात झालं व्हय शिखरजी?" अमरसिंहांनी विचारलं.

"ह्यो पोरगा वाजवायचा थांबंल काय?" सर ओरडले. चाळीस वर्षं वर्गावर ओरडलेला तो आवाज; हलगी थांबली. त्या शांततेत आक्का फाळक्यावरून खाली आली, पातेलं घेऊन विहिरीपाशी गेली, कडीची कळशी खाली सोडली, ती पाण्याजवळ अलगद उलटली. मग छपरावरची राहिलेली टाकीही रबरी नळीनं विहिरीतच रिकामी करायला लावली. सर काठाशी उभे होते. आक्कानं हात जोडले आणि म्हणाली, "आजपासनं मीठ."

सर तिथं काठावरच बसले. आता सोडायला काही उरलं नव्हतं. फक्त भाकरी होती, अळणी वरण आणि पाणी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, हाराशिवाय, हलगीशिवाय, टाकीशिवाय ते निघाले. त्रिशलाताईंनी बाहेरून दाराची कडी लावली ती कुणाला ऐकू येणार नाही अशी, आणि त्याही गाडीत चढल्या.

आता विहिरी शोधायच्या. गाडी त्यासाठीच होती. सोलापूरच्या पुढं एक विहीर दिसली, सर उत्साहानं म्हणाले, "घाला रानात!" विजयसिंहांनी देवाचं नाव घेऊन आयुष्यात पहिल्यांदा रूट सोडला. शेतकरी पळत आला.

"या पावणं! केव्हाची वाट बघतोय. फड त्या अंगाला हाय, टोळी तयार हाय!"

मागं 'ऊस वाहतूक' लिहिलेलं असल्यावर त्या बिचाऱ्याचा काय दोष? गाडी चुलीची आहे हे पटवेपर्यंत आत चार मोळ्या पडल्या होत्या. त्यानं त्या परत घेतल्या नाहीत. "खावा की वाटंत" म्हणाला. आक्कासमोर ऊस पडला होता आणि तिला गोड वर्ज्य. सरांनी तो पुढच्या गावात बैलांना घातला.

नांदेडच्या अलीकडं काळं रान होतं आणि आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेलेला. विहीर समोर दिसत होती. ज्या क्षणासाठी पावणेदोन वर्षं गाडी बांधली तो क्षण आला. सरांनी स्वतः स्टिअरिंग घेतलं, चारही चाकांना ताकद दिली, आणि बारा टन ऊस पेलणारी ती गाडी स्वतःच्याच वजनानं त्या रानात अशी रुतली की उंच केलेला तळ जमिनीला टेकला.

"मी म्हटलं हुतं, रूट मंजूर न्हाई," विजयसिंह म्हणाले.

"ताकद कमी दिली तुम्ही!"

"मी? स्टेरिंग कुणाच्या हातात हुतं?"

दोघं चाकापाशी वाकून भांडत असताना मागून आवाज आला, "सरका वाईच." आक्का कमरेवर भरलेली कळशी घेऊन उभी होती. फाळका जमिनीलाच टेकलेला, तेव्हा कुणाला न विचारता उतरली होती. बांधावरून चालत विहिरीवर गेली होती, शेंदून, गाळून, जीव परत सोडून आली होती. अनवाणी पायांना थोडी माती, बाकी काही नाही.

"हितनं हाकेच्या अंतरावर तर हाय विहीर," ती म्हणाली. "गाडी कशाला आणलास हितपर्यंत?"

बैलजोडी लावून गाडी काढली. त्यानंतर गाडी डांबर सोडून खाली उतरली नाही. विहीर दिसली की रस्त्यावर उभी राहायची आणि आक्का चालत जायची. मागं सर दोर घेऊन.

नागपुरात जैन मंदिरात मुक्कामाला गेले. मंदिराच्या व्यवस्थापकांनी सगळी हकिकत ऐकली, पंचा खांद्यावरून खाली घेतला आणि म्हणाले, "पण सर, रानात कायले गेले तुम्ही? प्रत्येक मोठ्या मंदिरात विहीर असतेच ना जी. मुनी महाराजांच्या आहारासाठी ठेवाच लागते. इथून शिखरजीपर्यंत मंदिरा-मंदिरानं गेले असते, तर साध्या गाडीनं झालं असतं."

मंदिराच्या मागं ती विहीर होती. दगडी, स्वच्छ, वर जाळी. सर तिच्याकडं बघत राहिले. कोल्हापुरात, आपल्या जुन्या पेठेतल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अशीच विहीर होती. लहानपणी तिच्या काठावर बसून त्यांनी चित्रं काढली होती.

"आक्का, तुला माहीत हुतं?"

"माहीत हाय की."

"मग बोलली न्हाईस?"

"तू इचारलास कुठं? लग्नात त्या पावण्यानं मला इचारलं, उत्तर तू दिलास. पाण्याची अडचण म्हणालास. मी म्हटलं, तम्मा शिकलेला हाय, आसंल."

"मग एवढी वर्षं का न्हाई गेलीस?"

आक्का फडक्याची घडी घालत होती. "चल म्हणून कोण म्हणालं न्हाई," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. विहिरीला पाणी किती आहे हे सांगावं तशी.

रायपूर येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक मंदिराशी सर आधी उतरून विहीर बघून येत होते. विजयसिंहांनी दोनदा रस्सा आठवून उसासा टाकला.

शिखरजीचा डोंगर मोठा. पहाटे आक्का डोलीत बसली. सर बरोबर चालणार होते. पहिल्या चढालाच गुडघ्यांनी साफ नकार दिला आणि ते खाली परत आले. विजयसिंह मात्र चपला काढून डोलीबरोबर गेले. डोंगरावर खायचं नसतं. म्हणजे आक्कानं खाली येऊन दिवस मावळायच्या आत जेवायला पाहिजे. नाहीतर अख्खा दिवस उपास, आणि आता अंगावर उपास काढायला मांस राहिलं नव्हतं.

सरांनी धर्मशाळेच्या विहिरीवर जाऊन पाणी शेंदलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः गाळलं. फडकं उलटं करून धुतलं आणि कडीची कळशी खाली सोडली. दोनदा ती चुकीच्या जागी कलली. तिसऱ्यांदा पाण्याजवळ अलगद उलटली. त्रिशलाताईंनी त्या पाण्यात गाडीतल्या चुलीवर स्वयंपाक केला. ती चूल तेवढी खरंच कामाची निघाली.

ऊन उतरायला लागलं. बाकीच्या डोल्या आल्या. आक्काची नाही. सर वाटेकडं बघत, सूर्याकडं बघत, पुन्हा वाटेकडं. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला तेव्हा त्यांनी त्याला चित्रकलेच्या मास्तराच्या आवाजात "थांब!" असं म्हटल्याचं त्रिशलाताई सांगतात. सर कबूल करत नाहीत.

मग वळणावर विजयसिंह दिसले, हात हलवत, धापा टाकत. मागं डोली.

आक्का उतरली. चेहरा धुतल्यासारखा. फाळक्याच्या कडेवर बसली.

"झालं," ती म्हणाली. "पाणी?"

"विहिरीचं."

"गाळलास?"

"गाळलं."

"आणि जीव?"

"त्याच विहिरीत. मी सोडलं."

आक्कानं भावाकडं बघितलं, लग्नाच्या पंगतीत बघितलं होतं तसंच नीट, आणि ताट जवळ ओढलं. आधी मीठ बोटाला लावून चाखलं. मग तेलात परतलेली भाजी, दही, दूध. तूप घातलेला भात. शेवटी गुळाची खीर. ती घाईनं जेवत नव्हती, सूर्य मात्र घाईत होता. विजयसिंह पश्चिमेकडं तोंड करून कंडक्टरसारखे उभे होते.

"अजून हाय," ते मधूनमधून म्हणत. "अजून सूर्याची एक कड हाय. जेवा आक्का, सावकाश जेवा."

खिरीची वाटी रिकामी झाली. आक्कानं पाणी पिऊन तोंड पुसलं. विजयसिंहांनी मोकळा श्वास सोडला, "चला, डबल बेल!" म्हणाले, आणि कड डोंगराआड गेली. बाबासो सर मागं वळले आणि गाडीच्या लाल अक्षरांना टेकून बराच वेळ उभे राहिले.

घरी आल्यावर गाडी कोडोलीच्या एका पाहुण्याला दिली. तो तिच्यातून ऊस नेतो. कधी अडकली नाही म्हणतो. फाळका तेवढा सरांनी काढून ठेवला होता. कृष्णातनं तो घराच्या मागच्या ओट्याला बसवून दिला, आणि आक्का रोज त्यावरून विहिरीकडं उतरायची.

पद्मावती आक्का ११ फेब्रुवारी २०२५ ला, मंगळवारी सकाळी, राहत्या घरी वारली. आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, ती पोटभर जेवली होती.